मिनिएचर टाइमलॅप्स

खऱ्या रस्त्याचे, चौकाचे किंवा गर्दीचे चित्रण खेळण्यातल्या देखाव्यासारखे दिसावे अशा रीतीने केलेला वेगवान व्हिडिओ. यात दोन युक्त्या एकत्र येतात. चौकटीचा वरचा आणि खालचा भाग धूसर करून मधला आडवा पट्टा तेवढा स्पष्ट ठेवतात आणि घडणाऱ्या हालचालीचा वेग पाच ते वीस पटींनी वाढवतात. महागडी लेन्स, ड्रोन किंवा स्टुडिओ यांपैकी काहीच लागत नसल्याने पुण्यातील हौशी मंडळी साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा किंवा मोबाइल वापरून हे व्हिडिओ करू शकतात. खरी परीक्षा असते ती जागा निवडण्याची.

एखादी लहान वस्तू अगदी जवळून पाहिली की तिचा थोडासाच भाग फोकसमध्ये राहतो, पुढचे-मागचे सगळे पुसट होते. दूरच्या दृश्यात असे सहसा होत नाही. त्यामुळे दूरच्या दृश्यात तीच पुसटता दिसली की मेंदू ते दृश्य हातभर अंतरावरचे, म्हणजेच छोटे, धरून चालतो. हा परिणाम मूळचा टिल्ट लेन्सचा. भिंग कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या (सेन्सरच्या) तुलनेत तिरके केले की स्पष्टतेचे प्रतलही कलते. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई छायाचित्रांतील विकृती दुरुस्त करण्यासाठी या तत्त्वाचा पाठपुरावा केला, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. कॅननने १९७३ मध्ये ३५ मिमी कॅमेऱ्यांसाठी टिल्ट (भिंग तिरके करणे) आणि शिफ्ट (ते बाजूला सरकवणे) दोन्ही करणारी लेन्स आणली. आज कॅननची अशी नवी लेन्स घ्यायची तर लाखाच्या पुढे जावे लागते, आणि केवळ या खेळासाठी ती घेण्यात काही अर्थ नाही.

स्वस्त कॅमेऱ्याचा एरवीचा दोष इथे उपयोगी पडतो. त्याचा संवेदक लहान असल्याने जवळचे-दूरचे सगळेच स्पष्ट येते. नंतर हवे तेवढे पुसायला असा स्वच्छ कच्चा माल लागतोच. २०१० च्या सुमारास कॅननच्या पॉवरशॉट मालिकेतील काही कॅमेऱ्यांत मिनिएचर इफेक्ट नावाची तयार सोयच आली. पडद्यावर स्पष्ट राहणारा भाग दाखवणारी एक पांढरी चौकट दिसते, झूमच्या कळीने ती लहान-मोठी करायची आणि ५, १० किंवा २० पट यांपैकी वेग निवडायचा. एक मिनिटाचे चित्रण अनुक्रमे १२, ६ आणि ३ सेकंदांत उरकते. आवाज नोंदला जात नाही. असे जुने कॅमेरे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नशीब असेल तर मिळतात, मात्र बॅटरी आणि चार्जर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्या पॉवरशॉटमध्ये ही सोय नाही त्यांपैकी अनेकांवर सीएचडीके हे मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून चालते आणि ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढून घेता येतात. मग संगणकावर ते फोटो जोडून व्हिडिओ करायचा, त्याचेच दोन थर एकावर एक ठेवायचे, वरचा धूसर करायचा आणि त्याच्या मधल्या पट्ट्याला मऊ कडांची खिडकी पाडायची. शॉटकट किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अशा व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम होते. रंग थोडे भडक केले की गाड्या रंगवलेल्या पत्र्याच्या वाटू लागतात.

वेगाबाबत नवशिक्यांची गल्लत होते. ढगांच्या टाइमलॅप्सला, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या व्हिडिओला, पाच-दहा सेकंदांनी एक फोटो पुरतो. तेच माप रस्त्याला लावले तर रिक्षा एका चौकटीत इथे आणि पुढच्या चौकटीत गायब. इथे सेकंदाला अडीच ते पाच फोटो हवेत. सेकंदाला अडीच फोटो आणि सेकंदाला २५ चौकटींचा व्हिडिओ, म्हणजे दहा पट वेग, धरला तर १० सेकंदांच्या तुकड्यासाठी २५० फोटो, म्हणजे १ मिनिट ४० सेकंद उभे राहावे लागते. वेग वाढवण्यामागे भौतिकशास्त्रही आहे. वस्तू पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १:६४ मापाच्या खेळण्याच्या जगात सगळे सुमारे आठपट झटपट घडते. सिनेमात लहान प्रतिकृती मोठी भासवण्यासाठी ती उलट संथ दाखवतात, ते याच हिशेबाने. वाहनांसाठी ५ ते १० पट आणि संथ सरकणाऱ्या गर्दीसाठी २० पट हे ढोबळ माप चालते. शटर जलद ठेवावे. नेहमीच्या टाइमलॅप्समध्ये हालचालीची हलकी रेघ शोभते, पण इथे प्रत्येक चौकट कोरीव हवी, कारण हाताने एकेक फोटोसाठी सरकवलेली बाहुली तशीच तुटक चालते. एक्सपोजर (उजेडाचे माप), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कुलूपबंद करावेत, नाहीतर पांढरी बस येताच अख्खे चित्र काळवंडते.

पुण्यात या कामासाठी पर्वतीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कॅमेरा खाली बघायला हवा आणि चौकटीत आकाश येता कामा नये, या दोन्ही अटी तिथे सहज जमतात. शिवाय टेकडी पेठांच्या दक्षिणेला असल्याने सारसबाग आणि जुन्या शहराकडे पाहताना तोंड उत्तरेला होते. हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या घरांवर सरळ, कडक ऊन पडते. असे दृश्य दिवाळीत सोसायटीच्या अंगणात केलेल्या किल्ल्यासारखे दिसते, मावळ्यांच्या जागी दुचाकीस्वार एवढाच फरक. पाऊस संपल्यानंतरचे धुतलेल्या हवेचे दिवस सर्वांत चांगले. थंडीतल्या सकाळी शहरावर धुरकट थर साचतो. ही धूसरता अंतर सांगून टाकते आणि खेळ बिघडतो.

मुठा नदीवरचा झेड ब्रिज फसवा आहे. खाली नदीपात्रातला रस्ता आणि लावलेल्या गाड्या छान दिसतात, पण पुलावरून दुचाकी गेली की कठडा थरथरतो आणि ती थरथर वेगवान व्हिडिओत दहापट जाणवते. कठड्याला टेकवलेला मोबाइल तर नकोच. लहानसा ट्रायपॉड खाली ठेवून त्याच्या मधोमध पाण्याची बाटली टांगावी. त्याच परिसरातल्या मेट्रोचा अनेकांना मोह होतो. तीन डब्यांची ती गाडी हुबेहूब खेळणे, पण उन्नत मार्ग पुलावरच्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. खालून पाहिलेली वस्तू कधीच छोटी वाटत नाही. मेट्रो हवी असेल तर तिच्याहून चार मजले वरची गच्ची गाठावी आणि सोसायटीच्या अध्यक्षांना आधी विचारावे. ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झालेला चांदणी चौकातला नवा पूल आजूबाजूच्या टेकड्यांवरून घेतला तर त्याच्या वळणांवरच्या मोटारी चावी दिल्यासारख्या धावतात.

आणखी एक अडचण उंच इमारतींची. नकली धूसरपणा चौकटीतल्या उंचीनुसार लागतो, खऱ्या अंतरानुसार नव्हे. त्यामुळे पट्ट्यातून वर घुसणाऱ्या टॉवरचा पाया लख्ख आणि माथा मेणासारखा वितळलेला दिसतो. पेठांची बुटकी वस्ती या दृष्टीने बाणेर-बालेवाडीपेक्षा कितीतरी सोयीची.

गर्दीचे सोहळे हा पुण्याचा खास विषय. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे निघते तेव्हा दिवे घाटाच्या वळणांवर पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताकांची रेघ सरकते. वीस पट वेगात ती रेघ सलग वाहते, दहा पटींत प्रत्येक माणूस वेगळा दिसतो. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो. विसर्जनाला अलका चौकात ढोलपथकाचे हात इतके जलद असतात की वेग वाढवल्यावर नुसती गिचमीड उरते. तिथे पाच पटींच्या वर जाऊ नये. ड्रोनचा विचार अशा दिवशी सोडलेलाच बरा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा लागतो, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे आणि बंदोबस्तात पोलिसांचे आदेश वेगळे असतात.

खरी लहान दुनिया शेजारी ठेवून पाहायची असेल तर कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. तिथल्या धावत्या गाड्या आणि छोटे शहर पाहिले, की आपल्या व्हिडिओत सावल्या किती लांब चालतील आणि रंग किती चढवावा याचा अंदाज येतो.