एनसीसी की एनएसएस? पहिल्या दिवसांतला फरक

प्रवेशाची धावपळ ओसरली की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दोन कागद शेजारीशेजारी लागतात. एक एनसीसीचा, दुसरा एनएसएसचा. घरच्यांचं सोडा, नाव घालणारी मुलंही यात घोळ करतात. त्यात एखादा सीनियर ‘एनएसएस म्हणजे परेड नसलेली एनसीसी’ असं सांगून मोकळा होतो.

एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. ती संरक्षण मंत्रालयाखाली येते. एनएसएस किंवा रासेयो, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचं खातं युवा व क्रीडा. दोन्हींत एकाच वेळी नाव घालता येत नाही, त्यामुळे आधी समजून घेतलेलं बरं.

एनसीसीत जागा मोजक्या. धावायला लावतात, उंची बघतात, मगच घेतात. पुढचं सगळं ठरलेलं असतं: सकाळी मैदान, केस बारीक, बुटाला पॉलिश. लष्कराकडून आलेले पीआय स्टाफ, म्हणजे कवायत शिकवणारे प्रशिक्षक, हिंदीत हुकूम सोडतात आणि ‘तेज चल’ म्हटल्याबरोबर निम्म्या मुलांचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे जातो. रांगेत हशा पिकतो, शिक्षा मिळते. दोनेक आठवड्यांत हात-पाय जुळतात. परेडनंतरच्या नाश्त्याची ओढ तर भल्याभल्यांना टिकवून धरते! थोडक्यात, इथे रुळायचं म्हणजे अंगाला वळण लावायचं, आणि ते लावून घ्यायला माणसं नेमलेली असतात.

एनएसएसचे पहिले दिवस याच्या अगदी उलट, आणि खरी गळती इथेच होते. उत्साहाने नाव दिलेलं असतं आणि वाट्याला येतात व्याख्यानं. वर्षाच्या १२० तासांपैकी सुरुवातीचे साधारण २० तास ओळख आणि प्रशिक्षणाचेच धरलेले आहेत, हे कुणी सांगत नाही. मग कॉलेजच्या आवारातली सफाई, झाडं लावणं, रॅलीत फलक धरणं. ‘यात सेवा कसली?’ असं वाटतं, आणि ते वाटणं अगदीच चूक नाही. काही ठिकाणी फोटोपुरतंच काम होतं. पण शंभरेक स्वयंसेवकांमागे एक कार्यक्रम अधिकारी, तोही दिवसभर वर्ग घेणारा प्राध्यापक. तो पाठीमागे लागणार नाही. आपणच विचारायचं, ‘सर, दत्तक गावात कधी जायचंय? सर्व्हेला येऊ का?’ असं विचारणारी चार-पाच मुलं पुढे सगळं युनिट चालवतात.

एनएसएसच्या बिल्ल्यावरचं कोणार्कच्या रथाचं चाक पाहा. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. अष्टौप्रहर तयार राहायचं, असा त्याचा अर्थ. त्याची प्रचीती सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात येते. मुक्काम बहुधा गावच्या शाळेत. थंडीत ओढ्याचं पाणी कमी होत असताना वनराई बंधारा घालायचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडं शिवायची आणि प्रवाहाला आडव्या रचायच्या. रचताना विटांसारखा सांधा मोडावा लागतो. सांध्यावर सांधा आला की पाणी तिथूनच वाट काढतं. हे बहुतेक वेळा गावातलंच कुणीतरी जाणतं माणूस दाखवतं, आणि तेव्हा कुणी कुणाची सेवा करायला आलंय हा प्रश्न जरा अवघड होतो.

फायद्याचं म्हणाल तर एनसीसीचं पारडं जड. ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीची वाट आहे. पदवीचे गुण वगैरे अटी अर्थात आहेतच. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास आणि एक शिबिर झालं की प्रमाणपत्र मिळतं. सवलतीच्या गुणांचे नियम विद्यापीठागणिक वेगळे, ते आपल्या कार्यालयात विचारून घ्या. वर्दीची ओढ असेल तर एनसीसीच घ्यावी, उगाच कमीपणा वाटायचं कारण नाही. एनएसएस घेतलीत, तर कामाचे तास पहिल्या दिवसापासून दैनंदिनीत लिहून दर महिन्याला सरांची सही घेत चला. मार्चमध्ये आठवून लिहिलेल्या दैनंदिन्या लगेच ओळखू येतात.