बिझीबॉक्स

बिझीबॉक्स हा लिनक्स या संगणक-प्रणालीच्या तीनशेहून अधिक आज्ञा एकाच एक्झिक्युटेबल (थेट चालवता येणाऱ्या) फाइलमध्ये देणारा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. डेबियन हे लिनक्स-वितरण बसवण्यासाठी लागणारी साधने १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर मावावीत, म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये तो सुरू केला. आज तो ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स-प्रणालीवर चालणाऱ्या राउटरांत आणि अल्पाइन लिनक्स या छोट्या वितरणात असतो.

‘एलएस’ (फाइलींची यादी), ‘सीपी’ (नक्कल), ‘ग्रेप’ (मजकुरात शोध) या नावांच्या सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी, बिझीबॉक्सकडेच नेतात. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे पाहून फाइल त्या कामाचा कोड, म्हणजे ॲप्लेट, चालवते. जागा वाचते ती मुख्यतः यामुळेच: प्रत्येक स्वतंत्र प्रोग्रामला लागणारे फाइल-शीर्षक आणि सुरुवातीचा कोड एकदाच येतो, पर्याय वाचणे, चुका कळवणे ही कामे सामायिक लायब्ररी करते.

बांधणीसाठी, म्हणजे स्रोतकोडापासून चालणारी फाइल तयार करण्यासाठी, ‘मेक डेफकॉन्फिग’ने सुरुवात करावी, ‘मेक मेन्यूकॉन्फिग’मध्ये नको ते ॲप्लेट काढावेत, मग ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ चालवावे. अगदी लहान प्रणालीसाठी उलट वाट बरी: ‘मेक ऑलनोकॉन्फिग’ने सगळे बंद करून लागेल तेवढेच चालू करावे. कोड बदलणाऱ्याने आधी ‘मेक बेसलाइन’ आणि बदलानंतर ‘मेक ब्लोटचेक’ चालवावे. कोणते फंक्शन किती बाइटने वाढले ते त्यात दिसते. आकार आटोक्यात ठेवणारी ही सवय प्रत्येक छोट्या प्रकल्पाने उचलावी अशी आहे.

अडचणी बहुधा ठरलेल्या असतात. बिझीबॉक्सचे नेहमीचे शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ‘ॲश’ आहे; त्यात बॅश या दुसऱ्या शेलचे ॲरे (मूल्यांच्या याद्या) नाहीत, त्यामुळे बॅशसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट अडतात. याच आज्ञांच्या ग्नू प्रकल्पातील पूर्ण आवृत्त्यांचे काही पर्यायही मिळत नाहीत, उदाहरणार्थ ‘ग्रेप’चा पर्ल-पद्धतीचा शोध. ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीसह स्टॅटिक बांधणी (लायब्ररी फाइलमध्येच सामावून घेणारी) केली, तर होस्टचे नाव किंवा वापरकर्ता शोधताना ग्लिबसीला तिच्या शेअर्ड लायब्ररी लागतात. त्या नसल्या की नाव सापडत नाही. स्टॅटिक बांधणीला म्हणून मसल ही दुसरी, छोटी सी लायब्ररी सोयीची. ‘एसयू’ (वापरकर्ता बदलणे), ‘पासडब्ल्यूडी’ (पासवर्ड बदलणे) यांना सेटयूआयडी, म्हणजे फाइलच्या मालकाच्या (इथे रूटच्या) अधिकाराने चालण्याची परवानगी, लागते आणि फाइल एकच असल्याने ती परवानगी सगळ्यांनाच मिळते. गरज नसलेले ॲप्लेट सुरू होतानाच तो अधिकार सोडून देतात, तरी अशा आज्ञांसाठी वेगळी बायनरी (एक्झिक्युटेबल फाइल) बांधणे अधिक सुरक्षित.

बिझीबॉक्सचा परवाना म्हणजे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याची दुसरी आवृत्ती आहे. उपकरणातून बायनरी विकणाऱ्याला ग्राहकासाठी स्रोतकोड उपलब्ध करावा लागतो. ही अट न पाळल्याबद्दल बिझीबॉक्सच्या विकसकांनी २००७ पासून अमेरिकेत दावे लावले. प्रकल्पाचे माजी देखभालकर्ते रॉब लँडली यांचा टॉयबॉक्स याच धर्तीवरचा, पण अधिक मोकळ्या परवान्याचा. अँड्रॉइडमध्ये तो वापरला जातो.