ड्रामा स्कूलच्या आधी काय होतं? ॲबोरिजिनल थिएटरची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात ड्रामा स्कूलला जायचं ठरवलं की पोरं महिनोन् महिने मोनोलॉग, म्हणजे स्वगतं, घोकत बसतात. सिडनीचं नायडा, मेलबर्नचं व्हीसीए, पर्थचं वापा ही मोठी नावं, नायडाच्या ॲक्टिंगच्या बॅचला जागा साधारण दोन डझन आणि अर्ज मात्र देशभरातून. एक शेक्सपिअर, एक आजच्या नाटकातलं, एवढं घेऊन रिकाम्या खोलीत दोन-चार अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहायचं. आज त्या खोलीत एखादी नूंगार, म्हणजे पर्थकडच्या ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी) समाजातली मुलगी, ॲबोरिजिनल नाटककार जॅक डेव्हिसच्या नाटकातलं स्वगत घेऊन उभी राहू शकते, आपल्याच आजीच्या पिढीची गोष्ट आपल्याच भाषेतले शब्द वापरून सांगू शकते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे शक्यच नव्हतं, कारण तसं स्वगत लिहिलेलंच नव्हतं.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त भिडतं ते हे की ॲबोरिजिनल नट मोठ्या शाळांमधून शिकून आले आणि मग त्यांचं थिएटर उभं राहिलं असं झालंच नाही. आधी थिएटर उभं राहिलं, तेही बिनपैशाचं, मग त्यांनी स्वतःची शिकवणी सुरू केली, आणि मोठ्या शाळांची दारं उघडली ती त्यानंतर.

नायडा १९५८ मध्ये स्थापन झालं. तेव्हा ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेत सुद्धा धरत नव्हते, ते बदललं १९६७ च्या सार्वमतानंतर, ज्यात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. पण मत देणं वेगळं आणि भूमिका देणं वेगळं. १९७२ साली 'बोनी' नावाची टीव्ही मालिका आली, हिरो अर्धा ॲबोरिजिनल डिटेक्टिव्ह, आणि तो रोल मिळाला न्यूझीलंडच्या एका गोऱ्या नटाला, चेहरा काळा रंगवून. ॲबोरिजिनल नट जॅक चार्ल्स त्याच रोलसाठी ऑडिशन देऊन आले होते. हा माणूस लहानपणीच आईपासून तोडून बॉईज होममध्ये टाकलेला, म्हणजे सरकारने घरांतून उचलून नेलेल्या ज्या मुलांना 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात त्यातला. अभिनय अंगात होता, चेहरा खरा होता, तरी रोल नाही मिळाला. ऑडिशनचा इतिहास लिहायचा तर हे पान वगळता येणारच नाही.

चार्ल्स मात्र तोपर्यंत स्वस्थ बसलेले नव्हते. १९७१ मध्येच त्यांनी आणि दुसरे ॲबोरिजिनल नट बॉब माझा यांनी मेलबर्नमध्ये निंदेथाना नावाचा ग्रुप काढला, देशातला पहिला ॲबोरिजिनल थिएटर ग्रुप म्हणून त्याचं नाव घेतात. बॉब माझा १९७० मध्ये अमेरिकेला जाऊन आले होते, न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं काळ्या लोकांचं थिएटर त्यांनी पाहिलं आणि ते डोक्यातून गेलं नाही. मग १९७२, सिडनीचं रेडफर्न. तेव्हाचं रेडफर्न म्हणजे गावाकडून, मिशनमधून (ॲबोरिजिनल लोकांना ठेवलेल्या वस्त्यांमधून) शहरात आलेल्या ॲबोरिजिनल कुटुंबांची वस्ती आणि पोलिसांचा रोजचा त्रास. त्याच वर्षी २६ जानेवारीला कॅनबेरात संसदेसमोर तंबू ठोकून 'टेंट एम्बसी' सुरू झाली, जमिनीच्या हक्कासाठी, आणि रेडफर्नची मंडळी रस्त्यावर नाटक करत होती. रेडफर्नमध्येच नॅशनल ब्लॅक थिएटर उभं राहिलं. 'बेसिकली ब्लॅक' हा त्यांचा छोट्या विनोदी प्रवेशांचा कार्यक्रम निम्रॉड थिएटरमध्ये गाजला, पुढच्या वर्षी टीव्हीवरही गेला.

इथे मराठी माणसाला थांबावंच लागतं. १९७२ मध्येच मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्रिस्बेनमध्ये ॲबोरिजिनल तरुणांनी ऑस्ट्रेलियन ब्लॅक पँथर पार्टी काढली. दोघांनाही ठिणगी अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर्सकडून मिळाली, म्हणजे एकमेकांना न ओळखता दोन टोकांना एकच नाव घेऊन माणसं उभी राहिली. आपल्याकडे त्यातून कविता पेटली, तिकडे नाटक.

बरं, शिकवणार कोण? ब्रायन सायरन हे ॲबोरिजिनल नट-दिग्दर्शक न्यूयॉर्कला जाऊन अभिनयाच्या नावाजलेल्या शिक्षिका स्टेला ॲडलर यांच्याकडे शिकून आले होते, त्यांनी रेडफर्नच्या पोरांना अभिनय शिकवला. कॅरोल जॉन्सन ही आफ्रिकन अमेरिकन डान्सर एका दौऱ्यावर आली आणि राहिलीच, तिच्या डान्सच्या क्लासेसमधून पुढे नायस्डा ही ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांची डान्स स्कूल झाली, आणि १९८९ मध्ये बंगारा ही डान्स कंपनी. नॅशनल ब्लॅक थिएटर स्वतः १९७७ मध्ये पैशाअभावी बंद पडलं, पण तिथे तयार झालेली माणसं राहिली.

नाटकं कुठून आली तर तुरुंगातून. केव्हिन गिल्बर्ट यांनी १९६८ मध्ये 'द चेरी पिकर्स' तुरुंगात लिहिलं. रॉबर्ट मेरिट यांचं 'द केक मॅन' पण तुरुंगातच लिहिलेलं, १९७५ मध्ये ब्लॅक थिएटरने केलं, मिशनवरच्या एका कुटुंबाची गोष्ट, आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत डेन्व्हरच्या नाट्यमहोत्सवात पोचलं. मेरिट परत आले आणि १९८४ मध्ये रेडफर्नला इओरा सेंटर काढलं, ॲबोरिजिनल मुलांना नाटक, चित्रकला शिकवायला. ज्याने तुरुंगात नाटक लिहिलं त्यानेच शाळा काढली.

पश्चिमेकडे, पर्थला, जॅक डेव्हिस. 'कुलार्क' १९७९, 'द ड्रीमर्स' १९८२, 'नो शुगर' १९८५. 'नो शुगर' मला सगळ्यात जवळचं. १९३० च्या आसपासची मंदी, पर्थजवळच्या नॉर्थम गावाच्या वस्तीतलं मिलिमुरा हे ॲबोरिजिनल कुटुंब, सरकार त्यांच्या रेशनमधला साबण बंद करतं आणि मग खरजेचं निमित्त करून सगळ्यांना मूर रिव्हरच्या सरकारी छावणीत हलवतं. साबणासारखी छोटी गोष्ट, पण त्यावरून अख्खी व्यवस्था उघडी पडते. नाटकात नूंगार भाषा सरळ येते आणि गोऱ्या प्रेक्षकाला ती कळत नाही म्हणून नाटक थांबत नाही.

मग नव्वदचं दशक, तेव्हा सगळं भराभर. ॲबोरिजिनल नाटक कंपन्या निघाल्या, इल्बिजेरी १९९० मध्ये मेलबर्नला, यिरा याकिन १९९३ मध्ये पर्थला. १९९५ मध्ये वेस्ली इनॉक आणि डेबोरा मेलमन यांचं 'द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग', एकटी बाई रंगमंचावर आणि वर टांगलेला बर्फाचा ठोकळा थेंबाथेंबाने वितळत असतो. १९९८ मध्ये जेन हॅरिसनचं 'स्टोलन', पाच मुलांची गोष्ट, मुलं पळवण्याच्या सरकारी धोरणावरचा चौकशी अहवाल संसदेत येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ही दोन्ही नाटकं पुढे शाळेच्या ड्रामाच्या अभ्यासक्रमात गेली, म्हणजे ऑडिशनला येणाऱ्या पोरांच्या हातात ती आपोआप आली. त्यातून एक नवा प्रश्नही आला, जो मला रास्त वाटतो, की ॲबोरिजिनल पात्राचं स्वगत दुसऱ्या कुणी ऑडिशनला करावं का. 'बोनी' आठवला तर उत्तर अवघड नाही.

आणि शाळा? पर्थच्या वापाने खास ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा कोर्स सुरू केला. थेट तीन वर्षांच्या ॲक्टिंगला उडी मारण्याआधी पाया पक्का करायला, आणि वर्गात एकटं पडू नये म्हणून. कारण अख्ख्या बॅचमध्ये आपल्यासारखं दुसरं कुणीच नसेल तर टॅलेंट असूनही माणूस आकसतो, हे आपल्याकडे मोठ्या संस्थांमध्ये शिकलेल्या पहिल्या पिढीला वेगळं सांगायला नको. ॲबोरिजिनल नटी शॅरी सेबेन्स हा कोर्स करून मग नायडाला गेली, मिरांडा टॅपसेल आणि मेन वायट हे ॲबोरिजिनल कलाकार पण नायडाचेच.

वायटने पुढे स्वतः नाटक लिहिलं, 'सिटी ऑफ गोल्ड', २०१९. त्याचा नायक ॲबोरिजिनल नट आहे, वडील वारल्यावर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला घरी परततो. त्यातलं वर्णद्वेषावरचं एक स्वगत वायटने २०२० मध्ये टीव्हीच्या चर्चेत कॅमेऱ्यात बघून म्हटलं आणि ते देशभर फिरलं. २०२२ मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा दिग्दर्शन शॅरी सेबेन्सचं होतं.