नकाशावर सही करायचा परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो, आणि फायरचा कोर्स किती कामाचा

"फायर सेफ्टीचा डिप्लोमा केला भाऊ, आता नकाशावर माझी सही चालते ना?" पुसद असो, आर्वी असो की साकोली, तालुक्याच्या गावी घरांचे नकाशे काढणाऱ्या कोणाच्याही टेबलासमोर हा प्रश्न हमखास येतो. नाही चालत. चालते म्हणून ज्यांनी फी घेतली, त्यांच्याकडून आधी तसं लेटरहेडवर लिहून मागा. देणार नाहीत.

गोंधळ असा आहे की लोक तीन वेगळे कागद एकच समजतात. नकाशा सादर करायला आणि बांधकामावर देखरेख करायला तांत्रिक व्यक्तीचा परवाना लागतो. तो नियोजन प्राधिकरण देतं, म्हणजे आपल्याकडे बहुधा नगरपरिषद किंवा नगरपंचायत. इमारत आगीपासून सुरक्षित कशी आखायची हे शिकल्याचं प्रमाणपत्र हा दुसरा कागद. त्याने डोकं तयार होतं, सहीचा अधिकार मिळत नाही. हायड्रंट (आग विझवायचे पाण्याचे नळ), पंप, अलार्म बसवून ते प्रमाणित करायला महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांचा परवाना लागतो, तो तिसरा. एकाच्या अर्जाला दुसऱ्याचा कागद जोडला की अर्ज परत येतो, आणि त्रुटी पत्रात 'आवश्यक कागदपत्रे सादर करावीत' एवढंच लिहिलेलं असतं. कोणती, ते लिहायला शाई पुरत नसावी.

आधी परवाना. बृहन्मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, लागू आहे. कोण पात्र आणि कोणाची सही किती मोठ्या कामाला चालते, हे तिच्या परिशिष्ट 'क' मध्ये दिलं आहे. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदलेल्या आर्किटेक्टला वेगळा परवाना लागत नाही, चालू नोंदणीची प्रत पुरते. बाकीच्यांसाठी अभियंता, स्ट्रक्चरल अभियंता, पर्यवेक्षक-१ आणि पर्यवेक्षक-२ असे वर्ग आहेत. खेड्यापाड्यातल्या पोरांचा संबंध बहुतेक शेवटच्या दोघांशी येतो.

सिव्हिल डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव असेल तर पर्यवेक्षक-१. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल असेल तर त्याच वर्गासाठी दहा वर्षांचा अनुभव, त्यातली पाच वर्षं आर्किटेक्ट किंवा अभियंत्याच्या हाताखाली. दहा नसतील पण तशी पाच असतील तर पर्यवेक्षक-२. पर्यवेक्षक-१ ला ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर चार मजल्यांपर्यंत काम करता येतं, पर्यवेक्षक-२ ला २०० चौरस मीटर आणि दोन मजले. तालुक्यातली बहुतेक घरं यात बसतात, त्यामुळे पर्यवेक्षक-२ ला हलकं समजू नका. डिप्लोमावाले बरेच जण थेट 'अभियंता' वर्गात अर्ज टाकतात आणि तो परत आला की कार्यालयाला दोष देतात. त्या वर्गाची पात्रता आधी परिशिष्टात वाचा, बसत नसाल तर पर्यवेक्षक-१ चाच अर्ज भरा, महिने वाचतील.

आयटीआयवाल्यांनी आपला ट्रेड नीट वाचावा. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल चालत नाही. 'बांधकाम पर्यवेक्षक' नावाचे एक वर्षाचे वेगवेगळे कोर्स असतात, तेही आपोआप चालत नाहीत. नियमात 'किंवा समकक्ष' असे शब्द आहेत, पण समकक्ष आहे हे सिद्ध करायचं काम अर्जदाराचं. तसं पत्र संस्थेकडून आधी घ्या आणि मगच अर्ज करा.

आता ज्या कागदावर निम्मे अर्ज मरतात तो, अनुभवाचा दाखला. आपल्याकडे काम तोंडी चालतं. आठवड्याच्या बाजारी हातात रोख पैसे, हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत. आठ-आठ वर्षं सेंट्रिंग तपासलं, लोखंड मोजलं, स्लॅबला रात्रभर उभा राहिला, आणि कागद एकही नाही. मग शेवटच्या दिवशी ठेकेदाराच्या पॅडवर लिहून आणतात: 'सदर इसम माझ्याकडे कामास होता, तो होतकरू व मेहनती असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' खाली शिक्का आणि सही. वर्तणूक कोणी विचारलीच नव्हती.

दाखल्यात हव्या असतात त्या गोष्टी साध्या आहेत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केलं. काम कोणतं, म्हणजे नकाशे काढणं, मोजमाप, पायाची आखणी, देखरेख. एक-दोन कामांचं ठिकाण. आणि सही करणाऱ्याचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त आडवा येतो. नियमाला आर्किटेक्ट किंवा अभियंत्याच्या हाताखालची वर्षं हवी असतील तर ठेकेदाराचा दाखला त्यात मोजला जात नाही, मग त्याने अर्धा जिल्हा बांधलेला का असेना. ठेकेदाराकडची वर्षं उरलेल्या पाचात धरा आणि आर्किटेक्टकडची वेगळ्या दाखल्यावर घ्या. दोन्ही एकाच कागदात कोंबू नका.

अनुभव कधीपासून मोजायचा यावरही वाद होतो. कार्यालयं सहसा निकालाच्या तारखेनंतरचीच वर्षं धरतात. आयटीआयला जाण्याआधी बापासोबत मिस्त्रीकाम केलं, ते खरं असलं तरी कागदावर येत नाही. ज्यांच्याकडे काम केलं ते अभियंते आता हयात नसतील किंवा गाव सोडून गेले असतील, तर जुन्या मंजूर नकाशांच्या प्रती शोधा. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत काढणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षरं असतात. तिथे तुमचं नाव असेल तर पूरक पुरावा म्हणून ते जोडता येतं. त्यावर मान्यता मिळेलच याची खात्री नाही, पण होतकरू-मेहनतीपेक्षा ते वजनदार आहे. जे आज कोणाच्या हाताखाली काम करताहेत त्यांनी दरवर्षी दाखला मागून ठेवावा. साहेबांशी बिनसल्यावर तो मिळत नाही.

बाकी कागद नेहमीचे: गुणपत्रिका, अंतिम प्रमाणपत्र (तात्पुरतं नको), आधार, पॅन, फोटो, ठरलेली फी. नाव सगळीकडे एकसारखं असू द्या. दहावीला 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ध्यानेश्वर' आणि डिप्लोम्यावर आडनाव आधी, असं असेल तर आधी ते सुधारून घ्या. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्या. 'ठेवून जा, पाहतो' म्हणणाऱ्या टेबलावर अर्ज नुसता ठेवून यायचं नाही.

मुदतीचं गणितही लोक चुकवतात. परवाना हातात आला त्या तारखेपासून वर्षं मोजायची नसतात. मुदत कॅलेंडर वर्षाच्या हिशेबाने ३१ डिसेंबरला संपते. ऑक्टोबरमध्ये परवाना काढला तर पहिलं वर्ष अडीच-तीन महिन्यांतच संपलं असं धरा. सोयाबीन विकून हातात पैसा आला की दिवाळीनंतर लोक घर काढतात, जानेवारीत प्रकरणं दाखल होतात, आणि तेव्हाच कळतं की परवाना नूतनीकरणाविना पडून आहे. नकाशा परत येतो आणि घरमालकाच्या शिव्या आपल्याला. नूतनीकरणाचा अर्ज नोव्हेंबरातच देऊन टाका.

आता शिकण्याकडे वळू. परवान्याला कोर्स लागत नसेल तर करायचा कशाला? कारण नकाशे ज्या त्रुटींसाठी परत येतात, त्यातल्या बऱ्याच आगीच्या नियमांच्या असतात, आणि ते नियम डिप्लोम्यात कोणी धड शिकवत नाही. मूळ ग्रंथ म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, त्याचा भाग ४, आग आणि जीवितसुरक्षा. झेरॉक्सच्या दुकानातून जुनी २००५ची प्रत घेऊ नका, आकडे बदलले आहेत.

कोर्स करायचाच तर एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, आयआयटी दिल्लीच्या प्रा. भट्टाचार्जी यांचा आगीपासून संरक्षण, इमारतीतल्या सेवा आणि देखभाल या विषयावरचा कोर्स आहे. व्याख्यानं इंग्रजीत आहेत, पण आकृत्या भरपूर, आणि व्हिडिओ फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर कोर्स ज्या सत्रात चालू असेल त्याच सत्रात नाव घालावं लागतं. एनपीटीईएलची सत्रं जानेवारी आणि जुलैच्या सुमाराला सुरू होतात.

इथे एक फसवी जागा आहे. कोर्सला नाव नोंदवणं मोफत आहे, आणि ते म्हणजे परीक्षेची नोंदणी नव्हे. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, त्याची फी वेगळी आणि शेवटची तारीखही वेगळी. गावातली हुशार पोरं कोर्सचे बाराही आठवडे व्हिडिओ पाहतात, स्वाध्याय देतात आणि परीक्षेचा फॉर्म भरायलाच विसरतात, कारण 'एनरोल झालो' म्हणजे सगळं झालं अशी त्यांची समजूत असते. नोंदणीच्या दिवशीच परीक्षेची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. स्वाध्यायही वेळेतच द्यावे लागतात, उशिरा घेत नाहीत, आणि रात्री लाईट गेली होती हे कारण संगणकाला समजत नाही. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. दोन्ही वेगवेगळे मिळवायचे, एकाची कसर दुसऱ्यात भरून निघत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची असते. शहर निवडताना नागपूर किंवा अमरावतीचं केंद्र दिसलं तर लगेच भरा. सिरोंचा-भामरागडकडच्यांनी आदल्या दिवशीच निघावं, आणि ओळखपत्र मूळ न्यावं, मोबाइलमधला फोटो नाही.

यातून मिळतं काय, ते एका उदाहरणाने सांगतो. लेआउटच्या टोकाला मंगल कार्यालय काढायचं आहे, वीस बाय तीस मीटरचा हॉल, फक्त तळमजला. मालक म्हणतो, "एकच मजला आहे, फायरचं काय काम?" पण युडीसीपीआरमधली 'विशेष इमारत' फक्त उंचीवर ठरत नाही. शाळा, सभागृह, दुकानं, दवाखाना, कारखाना, गोदाम अशा वापराच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर ५०० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर उंची कितीही कमी असली तरी ती विशेष ठरते. हा हॉल ६०० चौरस मीटरचा आहे. कापसाचं गोदाम, जिनिंग, गोंदियाकडची राइस मिल, आश्रमशाळेचं वसतिगृह, हे सगळं 'आपलं बैठं बांधकाम' म्हणून या नियमातून सुटलं असं मानतात, आणि प्रकरण तिथेच अडकतं.

पुढे दारं. खुर्च्या मांडलेल्या हॉलमध्ये कोड माणशी ०.६ चौरस मीटर धरतो, म्हणजे ६०० चौरस मीटरमध्ये हजार माणसं. सपाट मार्गावरच्या दारांसाठी माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते, हजारांना साडेसहा मीटर. ही रुंदी एकाच बाजूला नको, एकमेकांपासून दूर वाटून हवी, आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. आपल्याकडे काय असतं? समोर एक मोठं शटर आणि मागे स्वयंपाकाकडे एक झापाचं दार, तेही मंडपवाल्याच्या भांड्यांनी अडलेलं. वर जाणारं किंवा सरकतं शटर बाहेर पडायचा मार्ग म्हणून कोडला मान्यच नाही. नकाशात शटर दाखवून रुंदी मोजली तर त्रुटी पत्र ठरलेलंच.

दवाखान्याच्या जिन्याला दोन मीटर रुंदी लागते. "दीड मीटर ठेवा, नकाशात दोन दाखवा" म्हणणारे डॉक्टर भेटतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं दगावली, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी भेटतात. अशा कामावर सही करू नका. परवाना तुमच्या नावावर आहे, डॉक्टरांच्या नाही.

नगरपंचायतीकडे पात्र अग्निशमन अधिकारी नसेल तर आगीच्या ना-हरकतीचं प्रकरण अग्निशमन सेवा संचालनालयाकडे जातं. तो वेळ मालकाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, लग्नाच्या तारखा घेऊन बसू नको म्हणावं. इमारत झाल्यावर यंत्रणा बसवल्याचा नमुना 'अ' आणि ती चालू स्थितीत असल्याचा नमुना 'ब' परवानाधारक अग्निशमन एजन्सीच देऊ शकते, नकाशा काढणारा नाही. नमुना 'ब' वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, देण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. हे त्याला लेखी कळवा आणि त्याची सही घेऊन प्रत आपल्या फाइलला लावा.