कोल्हापूरचे आरमार आणि समुद्रतळाचा शोध : पार्श्वभूमी

कोल्हापूर शहर सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रापासून दूर वसलेले असले, तरी कोल्हापूरकर छत्रपतींचे आरमार मालवणात असे, आणि १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग इंग्रजांकडे जाईपर्यंत मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्याचा धाक होता. त्या आरमाराची बुडालेली गलबते आता यंत्रांनी सापडतील, अशी आशा इथे अनेकांना वाटते. ही यंत्रे कुठल्या समुद्रात आणि कशा जहाजांवर यशस्वी ठरली, हे आधी पाहिले पाहिजे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या शोधात पाणबुडे व लेखक अलेक्झांडर मॅकी यांनी १९६७ मध्ये अमेरिकन अभियंते हॅरोल्ड एजर्टन यांची आणि त्यांच्या ध्वनियंत्रांची मदत घेतली. साइड-स्कॅन सोनार नौकेमागे ओढत नेतात. ते दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडते आणि तळावर उंचवटा असला की त्याच्या पाठीमागे सावली उमटते. सब-बॉटम प्रोफायलरचा ध्वनी मात्र चिखलाच्या आत शिरतो. ‘मेरी रोझ’ गाळात गाडलेली असल्याने हे दुसरे यंत्र निर्णायक ठरले, आणि १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढण्यात आला. मॅग्नेटोमीटर लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपतो. पण अंतर दुप्पट झाले की तोफेचा हा संकेत साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून नौकेला जवळजवळच्या समांतर रेषांत, शेत नांगरावे तसे फिरावे लागते.

भारतात ही साधने पुरातत्त्वाच्या कामी लावण्याचे श्रेय प्रामुख्याने शिकारीपूर रंगनाथ राव यांना जाते. लोथलचे उत्खनन करणाऱ्या राव यांची उमेदीची वर्षे जमिनीवरच गेली. समुद्राकडे ते वळले ते निवृत्तीनंतर. १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. राव यांनी द्वारकेजवळच्या समुद्रात शोधलेल्या अवशेषांच्या कालनिर्णयावरून पुढे बरेच वाद झाले, आणि ते अकारण नव्हते. तरीही पुरातत्त्वज्ञ, भूभौतिकशास्त्रज्ञ आणि पाणबुडे यांना एकत्र कामाला लावणे हे त्यांचे कार्य माझ्या मते अधिक टिकाऊ आहे. याच संस्थेच्या अभ्यासकांनी गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले. त्यांत तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही होते.

आपल्या गलबतांचे मात्र वेगळे आहे. उबदार पाण्यात उघडे पडलेले लाकूड समुद्री किडे काही वर्षांतच पोखरून टाकतात. मग उरतात त्या तोफा, नांगर आणि नीरमाचे, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेले, दगड. खडकाळ तळावर सोनारला हे दगड वेगळे ओळखता येत नाहीत. विजयदुर्गला १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. तिथल्या परिसरातला बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने मॅग्नेटोमीटरचीही फसगत होऊ शकते.

लाकूड टिकण्याची खरी शक्यता आहे ती खाड्यांच्या गाळात, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही. पण त्याच गाळात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा वायू साठतो आणि प्रोफायलरचा ध्वनी अडवतो. त्यामुळे संशयित जागी अखेर बोअर घेऊन गाळाचा नमुनाच काढावा लागतो.