भाडं बुडालं की ओळख चोरली? ट्रकच्या दलालीतले दोन घोटाळे

कळंबोलीच्या स्टील मार्केटात किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात कुणाला गंडा बसला की चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: ‘ब्रोकरने फसवलं, फोन बंद लागतोय.’ त्या बंद फोनमागे मात्र दोन वेगळे गुन्हे असू शकतात. एकात पैसा भलत्याच हातात गेलेला असतो, दुसऱ्यात समोरचा माणूसच खोटा असतो. कोणता प्रकार आहे ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: माल आत्ता कुठे आहे? ठावठिकाणा माहीत असेल तर भांडण पैशाचं. गाडीसकट माल गायब असेल तर शंका ओळखचोरीची.

पैशाचा घोटाळा समजायला सोपा आहे. गाडी भरली की भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स आणि उरलेला बॅलन्स माल मिळाल्याची पोच हातात आल्यावर, अशी आपल्याकडची रीत. पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, ब्रोकरच्या खात्यात ॲडव्हान्स टाकते, ब्रोकर गाडीवाल्याला डिझेलपुरते देतो आणि बाकीचे दाबतो. गाडी मुक्कामाला पोचते, पण ड्रायव्हर ताडपत्री सोडत नाही. ‘आधी भाडं.’ पार्टी म्हणते, आम्ही तर दिलंय. दोघंही खरं बोलत असतात. याच प्रकारात गाडीवाल्याला ‘आधी गेटपासचे पैसे टाका’ म्हणणारे व्हॉट्सॲपवरचे चढ्या भाड्याचे लोडही, म्हणजे माल नेण्याची कामंही, येतात.

सैन्यातला अधिकारी असल्याचं सांगून सामान हलवायला गाडी मागणारे फोनही ट्रान्सपोर्टवाल्यांना नवे नाहीत. खात्री पटावी म्हणून ओळखपत्राचा फोटो येतो, मग ‘पेमेंट घ्यायला’ एक क्यूआर कोड. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी हा डाव फसतो. इथे ओळख दुसऱ्याची वापरलेली असली, तरी लुटायचे असतात ते खात्यातले पैसेच.

खरी ओळखचोरी याहून महागात पडते. तिथे ॲडव्हान्स ही किरकोळ बाब असते. डोळा असतो तो लाखोंच्या मालावर. तेल, साखर, सळई, तांबं, म्हणजे लगेच विकलं जाईल असं काहीही. ब्रोकर म्हणवणारा माणूस गाडीची आरसी, इन्शुरन्स, पॅन, ड्रायव्हरचं लायसन्स पाठवतो. पार्टी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघते तर सगळं बरोबर निघतं. निघणारच, कारण कागद खरेच आहेत, फक्त ते दुसऱ्याच गाडीचे आहेत. गेटवर तोच नंबर लावलेली, त्याच मॉडेलची गाडी येते, भरते आणि निघून जाते. खरी गाडी त्या वेळी भलत्याच जिल्ह्यात उभी असते.

हे कागद मिळतात कुठून? आपणच वाटतो. परतीच्या एका भाड्यासाठी गाडीमालक आरसीपासून कॅन्सल चेकपर्यंत सगळं पाच-सहा ग्रुपांवर टाकतो. लोड एकालाच मिळतो, कागद मात्र सगळ्यांकडे राहतात. ही सवय मला बनावट नंबरप्लेटपेक्षा जास्त धोकादायक वाटते. निदान प्रतीवर आडवं लिहावं: कोणासाठी, कोणत्या लोडसाठी, तारीख काय. चोराला ते खोडून काढण्याचा तरी त्रास होऊ दे.

म्हणून गेटवर कागद बघण्यापेक्षा गाडी बघावी. आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर समोरासमोर ताडून पाहावा. हाय सिक्युरिटी प्लेटवर लेझरने कोरलेला क्रमांक आहे का, तेही पाहावं. आणि मालकाला फोन करायचा तर ब्रोकरने दिलेल्या नंबरावर नको, तो दुसरीकडून मिळवावा. घाईच्या लोडिंगला हे कोणी करत नाही, आणि चोराला ते पक्कं ठाऊक असतं.

ओळखचोरीत फसलेले दोघे असतात. पार्टी एक, आणि ज्याच्या नंबरावर हे घडलं तो गाडीमालक दुसरा. त्याला कधी कधी पत्ता लागतो तो जिथे आपली गाडी गेलीच नाही अशा गावाचं ई-चलान आल्यावर.

अनोळखी खात्यात पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला. रक्कम पुढे फिरण्याआधी गोठवता आली तर आली. ओळखीचाच ब्रोकर पैसे दाबून बसला असेल तर १९३० चा फारसा उपयोग नाही, तिथे वसुली आणि फौजदारी हाच रस्ता. माल गेला असेल तर पोलीस ठाणं आणि विमा कंपनी त्याच दिवशी गाठावी. गेटचं सीसीटीव्ही, ड्रायव्हरचा फोटो, ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा कागद), बिल्टी (माल वाहतुकीला घेतल्याची पावती) जपून ठेवावी. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि तोतयेगिरीला ३१९ आहे. ताब्यात दिलेला माल वाहतूकदारानेच हडपला तर ३१६(३), ज्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरण्याला आयटी कायद्याचं ६६सी लागतं.

नुकसानभरपाईचा मामला निराळा. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात ‘कॉमन कॅरिअर’च्या, म्हणजे मालाची जबाबदारी असलेल्या वाहतूकदाराच्या, व्याख्येतच ब्रोकर येतो, म्हणजे ‘मी फक्त गाडी लावून दिली’ ही सबब सहज चालू नये. मालाचं नुकसान झालं तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. जास्त जोखमीचा दर ठरवून भरलेला नसेल तर सर्वसाधारणपणे जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरली जाते. पण हे सगळं खऱ्या ब्रोकरविरुद्ध. बिल्टीवर ज्याचं नाव आहे त्याचीच ओळख चोरीला गेली असेल, तर नोटीस मिळालेला माणूस हात जोडून म्हणेल, ‘साहेब, मी ही गाडी लावलीच नव्हती.’ त्याच्याकडे स्वतःची वेगळी पोलीस तक्रार असेल तर त्याच्या बोलण्याला वजन येतं. म्हणून अशा गाडीमालकाने पार्टीच्या तक्रारीवर विसंबून न राहता, कळल्याच दिवशी आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी.