लिव्हर टॉनिकमध्ये कोलीन आलं कुठून?

दर्यापूर असो की दारव्हा, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून आलं की पेशंट बहुधा एखादं सिरप घेऊनच घरी परततो. बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला तर अनेक सिरपांवर दोन नावं सापडतात, सॉर्बिटॉल आणि ट्रायकोलीन सायट्रेट. सॉर्बिटॉलनं पोट साफ होतं, त्यामुळे औषध लागू पडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या नावातलं कोलीन हे पोषकद्रव्य अमरावतीकडच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ओळखीचं आहे. कोंबड्यांच्या खाद्यात ते कोलीन क्लोराईड म्हणून मिसळतात आणि त्याचं एक कारण यकृतात चरबी साचू नये हेच असतं.

या कोलीनचा माग काढत गेलं की आपण अंड्याच्या बलकापाशी पोचतो. फ्रेंच औषधनिर्माते थिओडोर गोब्ले यांनी १८४० च्या दशकात बलकातून फॉस्फरस असलेला एक स्निग्ध पदार्थ वेगळा काढला आणि १८५० मध्ये त्याला लेसिथिन म्हटलं. पित्तात सापडलेल्या एका पदार्थाला जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ श्ट्रेकर यांनी १८६२ मध्ये कोलीन हे नाव दिलं. पुढे कळलं की लेसिथिनच्या रेणूतच कोलीन बसलेलं असतं. फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फरस असलेले स्निग्ध पदार्थ, त्यांच्या कुळाशी झालेली ही पहिली ओळख. यकृताशी त्यांचा संबंध उलगडायला मात्र कुत्रे कामी आले.

१९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. प्रयोगासाठी स्वादुपिंड काढून मधुमेही केलेले कुत्रे आता इन्सुलिनवर जगू लागले, पण काही महिन्यांनी त्यांची यकृतं चरबीनं भरून जात. साखर ताब्यात आणि तरी यकृत निकामी! कच्चं स्वादुपिंड खाऊ घातलं की ती चरबी हटत असे. मग लेसिथिन देऊन पाहिलं, त्यानंही तोच गुण आला. १९३२ मध्ये बेस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की लेसिथिनमधला कामाचा भाग म्हणजे कोलीन. यकृतातली चरबी हलवणाऱ्या अशा पदार्थांना त्यांनी ‘लिपोट्रॉपिक’ म्हटलं. टॉनिकवाल्यांना हा शब्द पुढे कित्येक दशकं पुरला.

यकृत चरबी बारीक कणांत बांधून रक्तात पाठवतं. त्या कणाचं वेष्टन मुख्यतः फॉस्फेटिडिलकोलीन या कोलीन असलेल्या फॉस्फोलिपिडचं असतं. हमीभाव केंद्रावर तुरीचे ढीग लागलेले, ट्रकही उभे, पण बारदाना नाही म्हणून खरेदी बंद, हे आपण दर हंगामात पाहतो. कोलीन कमी पडलं की यकृतात नेमकं तेच होतं.

यकृत हा बारदाना विणतं कसा, हे १९५० च्या दशकात यूजीन केनेडी यांनी उलगडलं. त्यात नशिबाचाही हात होता. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाच्या एका नमुन्यानं प्रयोग जमे, शुद्ध एटीपीनं जमत नसे. त्या नमुन्यात अशुद्धी म्हणून आलेलं सीटीपी हे त्याच जातीचं दुसरं रसायन हाच खरा गरजेचा घटक निघाला. यकृताकडे दुसरीही वाट आहे, मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या मदतीनं फॉस्फेटिडिलकोलीन घरीच तयार करण्याची. सुमारे ३० टक्के माल त्या वाटेनं येतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक या वाटेला जोर देतं, म्हणून आहारात कोलीन कमी पडलं तर पुरुषांना आणि पाळी गेलेल्या बायकांना झळ लवकर बसते. अमेरिकेत १९९८ मध्ये पुरुषांसाठी दिवसाला ५५० आणि स्त्रियांसाठी ४२५ मिलिग्रॅम कोलीन पुरेसं ठरवलं गेलं. एका मोठ्या अंड्यातून साधारण १५० मिलिग्रॅम मिळतं.

दारूच्या बाबतीत मात्र याच शोधानं घोळ घातला. उंदरांवरच्या प्रयोगांवरून बेस्ट यांच्या गटानं १९४९ मध्ये मांडलं की यकृत बिघडतं ते दारूसोबतच्या निकृष्ट आहारामुळे, दारूला स्वतःचं वेगळं विष नाही. ‘खाऊन पेलं तं लिवरले काही होत नाही’ असं पारावर आपण ऐकतो. एकेकाळी वैद्यकीय नियतकालिकं जवळपास हेच छापत होती. न्यूयॉर्कचे चार्ल्स लीबर यांनी ते खोडलं. सकस आहारासोबत दारू देऊनही बबून माकडांना सिरोसिस (यकृत कठीण होऊन निकामी होणं) होतो, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. पारावरचा समज मला या बंदीपेक्षा जास्त घट्ट वाटतो.

लीबर यांच्या पुढच्या कामात आपलं सोयाबीन येतं. वाशीम-बुलढाण्याकडून गेलेल्या सोयाबीनचं तेल कारखान्यात शुद्ध करताना जो चिकट भाग निघतो, त्यात लेसिथिन असतं. बिस्किटं, चॉकलेट आणि ‘इसेन्शियल फॉस्फोलिपिड’च्या कॅप्सूल, सगळीकडे ते जातं. सोयाबीनमधल्याच फॉस्फेटिडिलकोलीननं बबूनांच्या यकृतातला फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे तंतू साचणं, रोखला, तेव्हा आशा वाढली. मग दारूमुळे यकृत बिघडलेल्या ७८९ रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली आणि २००३ मध्ये निकाल आला. फायब्रोसिसवर परिणाम दिसला नाही. (चाचणीतल्या लोकांनी पिणंच बरंच कमी केलं होतं, त्यात फरक झाकला गेला असेल, ही शंका उरते.)

आज विदर्भात दोन तऱ्हांचं फॅटी लिव्हर आहे, एकमेकांपासून फार लांबही नाही. मेळघाटात कुपोषणानं अंगावर सूज आलेल्या मुलाच्या यकृतातही चरबी साचते, कारण प्रथिनांअभावी ती वाहून नेणारे कण बांधले जात नाहीत. अकोल्यात अडतीच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्याकडे बारदान्याची टंचाई सहसा नसते, माल येण्याला धरबंध नसतो. कोलीन शोधलं गेलं ते टंचाईवर, आणि बाटली जाते दुसऱ्याच्या घरी.

शिवाय हा आजार फक्त सुटलेल्या पोटांचाही नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेली पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे ८.७ टक्के प्रौढांत फॅटी लिव्हर आढळलं आणि त्यातले बहुतेक लठ्ठ नव्हते. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं हा आजार मधुमेह आणि रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. वजन जास्त असलेल्यानं ते ७ ते १० टक्के उतरवलं तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. सडपातळ माणसानंही कमरेचा घेर आणि रक्तातली साखर मोजून घ्यावी, कारण त्याचा आजार काट्यावर दिसत नाही.